परत मागितलेला अंगठा

नामांतराचा प्रश्न पेटलेला होता त्या वर्षांत आमच्या जिल्ह्यात मत नसलेला माणूस सापडणं मुश्कील होतं. एसटीत, चहाच्या टपरीवर, न्हाव्याच्या खुर्चीत, जिथं बूड टेकेल तिथं माणूस विद्यापीठाच्या नावावर बोलायला लागायचा. ज्यानं जन्मात विद्यापीठ पाहिलं नव्हतं तो जरा जास्तच जोरात बोलायचा. अपवाद एकच होता, आमच्या शिक्षण संस्थेचे अध्यक्ष. त्यांना सगळे साहेब म्हणत. साहेबांना आमदार व्हायचं होतं आणि ज्याला आमदार व्हायचंय त्याला या प्रश्नावर तोंड उघडणं परवडण्यासारखं नव्हतं. हो म्हणावं तर अर्धा तालुका जातो, नाही म्हणावं तर उरलेला जातो. दोन निवडणुका त्यांनी घशाला त्रास आहे असं सांगून काढल्या.

मग त्यांना पोटातलं बाळ सापडलं.

त्या सुमारास मुंबईला गर्भजल तपासणीवर बंदी आणायच्या गोष्टी चालल्या होत्या. साहेब कुठल्याशा शिष्टमंडळाबरोबर तिकडे गेले होते. तिथं कुणीतरी त्यांच्या कानात सांगितलं, की हा विषय लांब चालणार आहे, दिल्लीपर्यंत जाणार आहे. साहेब भारावून परत आले. आम्हा शिक्षकांना शाळेच्या ऑफिसात गोळा केलं आणि म्हणाले, मुलींचे गर्भ पाडतात ते तर थांबलंच पाहिजे, पण आपण तेवढ्यावर थांबायचं नाही. गर्भपातच कायद्यानं बंद करायचा, राज्यात आणि देशातसुद्धा. पोटातल्या जीवाला जात नसते. तो नामांतराच्या बाजूचा नसतो आणि विरोधातलाही नसतो. घसा एकदम खणखणीत होता. पोटातल्या जीवाला मतही नसतं, असं मी मनातल्या मनात म्हणालो. मोठ्यानं म्हणालो नाही, कारण माझ्या नेमणुकीला अजून खात्याची मान्यता यायची होती आणि तिचा प्रस्ताव साहेबांच्या सहीनं जायचा होता.

मी जिंतूर तालुक्यातल्या त्या शाळेत मराठी शिकवायचो. अक्षर बरं होतं आणि भाषा साहेबांच्या मते ओघवती होती, त्यामुळे निवेदन लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलं. गळ्यात पडलं असं आता म्हणतो. तेव्हा मला लिहिताना मजा आली होती. ‘ज्यांना हाक मारता येत नाही त्यांची हाक’ असा मी वर मथळा दिला. मधल्या दोन परिच्छेदांत मुलींच्या गर्भाबद्दल लिहिलं. ते लिहिताना मला स्वतःलाच गहिवरून आलं होतं आणि त्यात खोटं काही नव्हतं. शेवटी मागणी होती: कोणत्याही कारणाने, कोणत्याही महिन्यात, कोणत्याही स्त्रीचा गर्भपात करण्यास पूर्ण बंदी असावी. ‘कोणत्याही’ तीनदा घातल्यामुळे वाक्याला वजन येत होतं. यापेक्षा जास्त विचार केल्याचं मला आठवत नाही.

मग आम्ही शाईचे पॅड घेऊन गावोगाव निघालो, चारठाण्यापासून येलदरीपर्यंत. त्याच वर्षी पंचायत समितीनं शिक्षकांना कुटुंबनियोजनाच्या दोन-दोन केसेस आणायला सांगितल्या होत्या. म्हणजे एकाच पिशवीत दोन वह्या. सकाळी ज्या दारात लेकरं पुरे झाली आता, ऑपरेशन करून घ्या, म्हणून सांगितलं त्याच दारात संध्याकाळी पोटातल्या लेकराला जगू द्या म्हणून अंगठा मागायचा. साहेबांनी आम्हाला फरक समजावून सांगितला होता. ऑपरेशन म्हणजे जीव यायच्या आधीची गोष्ट आणि निवेदन म्हणजे आल्यानंतरची. फरक बरोबर होता. दारातल्या बाईला मात्र दोन्ही वेळेला तोच सर आणि तीच सायकल दिसायची.

तरी अंगठे भराभर मिळाले. शाईचा पॅड दिसला म्हणजे काहीतरी मिळणार, घरकुल, रॉकेल, निराधारची पेन्शन, हे लोकांना अनुभवानं माहीत होतं. कशाबद्दल आहे असं कुणी विचारलंच तर चांगल्या कामाबद्दल आहे, असं आम्ही सांगायचो.

कागद वाचून दाखवा असं मला एकाच बाईनं म्हटलं. आमच्या शाळेच्या खोल्यांना मातीची जमीन होती. दर शनिवारी सकाळची शाळा सुटली, की ती सारवायला यायची. एरवी रोजानं शेतात जायची. बौद्ध वस्तीत राहायची, चार लेकरांची आई होती. मी पॅड पुढे केला तसा तिनं शेणानं भरलेला हात पाठीमागे घेतला आणि अगोदर वाचा म्हणाली. मला राग आला. मुख्याध्यापकांनीही न वाचता सही केली होती.

नंतर कळलं, की अंगठ्याच्या बाबतीत तिची ख्याती होती. अठ्ठ्याहत्तर साली नामांतराच्या दंगलीत वस्तीतली घरं जाळली तेव्हा तिचंही घर गेलं होतं. पंचनामा करायला आलेल्या माणसानं चुलीतल्या ठिणगीनं आग लागली असं लिहून तिच्यापुढे कागद धरला. तिनं अंगठा दिला नाही. चूल विझलेली होती, असं म्हणाली. भरपाई मिळाली नाही तरी चालेल म्हणाली, आणि तिचा हा शब्द सरकारनं तंतोतंत पाळला. पुढे नामांतराच्या निवेदनावर मात्र तिनं कुणी न सांगता जाऊन अंगठा लावला होता.

मी वाचलं. मुलींच्या परिच्छेदाला तिनं मान हलवली. तिच्या नात्यातल्या एका बाईला तिसरीही मुलगीच आहे म्हणून शहरात नेऊन मोकळं करून आणलं होतं. शेवटच्या मागणीपाशी तिनं मला थांबवून विचारलं, कोणत्याच कारणानं नाही का? मी हो म्हणालो. ती मागणी तिनं मला पुन्हा पहिल्यापासून वाचायला लावली. विधानसभेत या मागणीवर एवढा वेळ कुणी घालवला असेल असं मला वाटत नाही. मग तिनं हात धुतला, पदराला पुसला आणि अंगठा लावला.

त्यानंतर पाच-सहा महिन्यांनी, मधल्या सुट्टीत, आरोग्य केंद्राच्या सिस्टर शाळेत आल्या. तापट बाई होत्या. आमच्यासारख्यांना त्या मुलांसमोरच फैलावर घेत. सारवणाऱ्या बाईला दिवस गेले आहेत, म्हणाल्या. मागच्या बाळंतपणात तिच्या अंगावरून इतकं रक्त गेलं होतं, की बैलगाडीतून जिंतूरपर्यंत पोचली हेच नशीब. ऑपरेशनच्या कॅम्पात दोनदा गेली, दोन्ही वेळेला रक्त कमी म्हणून परत पाठवली. नवऱ्याला ऑपरेशन करा म्हटलं तर त्याची ताकद जाते. ताकद कशासाठी राखून ठेवली होती ते आता दिसलंच. परभणीच्या मोठ्या डॉक्टरांनी तपासून स्पष्ट सांगितलंय, की हे बाळंतपण तिला झेपणार नाही, लवकर पिशवी मोकळी करून घ्या.

मी म्हणालो, मग न्या की तिला.

“ती येत नाही. तुम्हाला अंगठा दिलाय म्हणते,” सिस्टर म्हणाल्या. “तुमच्या त्या कागदापायी चार लेकरं उघडी पडणार आहेत, सर. जाऊन सांगा तिला काय ते.”

मला आधी हसू आलं. आमच्या कागदावर कुणी विश्वास ठेवील हे माझ्या ध्यानीमनी नव्हतं. शाळा सुटल्यावर मी वस्तीत गेलो. ती दारात गवऱ्या रचत होती. मी तिला गोड भाषेत, चौथीच्या मुलाला समजावतात तसं समजावलं. तो नुसता अर्ज आहे, कायदा नाही, तुम्ही दवाखान्यात गेलात तर कुणी विचारायला येणार नाही. त्या कागदाला काही अर्थ नसतो.

तिनं हातातली गवरी खाली ठेवली.

“मग घेतला कामून?” तिनं विचारलं.

 ती म्हणाली, जीव तिलाही प्यारा आहे, लेकरं लहान आहेत, दवाखान्यात जायचं तिच्या मनात आहे. पण आधी अंगठा परत आणून द्या. तिकडे अंगठा आणि इकडे हे, असं तिच्यानं होणार नाही.

सिस्टरांनी मुदत सांगितली होती. फार तर तीन आठवडे, पुढे डॉक्टर हात लावणार नाहीत. मी दुसऱ्याच दिवशी रजा टाकून परभणीला साहेबांच्या बंगल्यावर गेलो. तिथं मी जे केलं त्याच्याइतका मूर्खपणा मी आयुष्यात दुसरा केलेला नाही. मी साहेबांना सगळं खरं सांगितलं.

एक अंगठा कमी करा एवढंच माझं म्हणणं होतं. साहेब डोळे मिटून ऐकत होते. मला वाटलं, हलले आतून. डोळे उघडले तेव्हा ते खरंच हलले होते, पण भलत्याच दिशेनं. म्हणाले, सर, आपण एवढी गावं हिंडलो आणि आपल्या शाळेतच अशी माता आहे हे तुम्ही मला आज सांगता? डॉक्टर नको म्हणताहेत, तरी दिल्या शब्दासाठी ती जीव धोक्यात घालते आहे. वरून नामांतरवाल्या मंडळींपैकी आहे. दोन्हीकडचे लोक टाळ्या वाजवतील. मी म्हणालो, साहेब, ती मरेल. साहेब म्हणाले, जन्ममरण आपल्या हातात आहे का? मग त्यांनी फोटोग्राफरला निरोप धाडला.

तिसऱ्या दिवशी वस्तीत जीप आली. जीपमध्ये साहेब, त्यांच्या घरच्या दोन बायका, फोटोग्राफर, तालुक्याचा एक वार्ताहर, आणि ताटात नारळ, तांदूळ, खण, साडी. पोटुशा बाईची ओटी भरायची असा बेत होता. मलाही पुढे उभं केलं होतं. ती बाहेर आली, ताटाकडे पाहिलं आणि शांतपणे म्हणाली, आमच्यात आता ओटी भरत न्हाईत. साहेबांच्या घरच्या बायका एकमेकींकडे पाहू लागल्या. साहेब मात्र तयारीचे. नारळ जीपमध्ये परत गेला, शाल बाहेर आली. ओटीचा सत्कार झाला. उन्हात ती शाल पांघरून उभी आणि साहेब मातृत्वावर बोलताहेत. बोलता बोलता ते मुंबईला गेले, तिथून दिल्लीला गेले, लोकसभा हलवून सोडतो म्हणाले. ते दिल्लीत असतानाच तिला भोवळ आली आणि ती मटकन खाली बसली. फोटोग्राफरनं तो फोटोही काढला. पेपरात तो माता नतमस्तक म्हणून छापून आला.

जाताना साहेबांनी तिच्या नवऱ्याला शाळेत शिपाई म्हणून घेतो असं सांगितलं. म्हणजे आता अंगठ्यावर नोकरी येऊन बसली. नवरा चार दिवस डोक्याला तेल लावून हिंडत होता. सिस्टरांनी मला रस्त्यात गाठून जे सुनावलं ते इथं लिहिण्यासारखं नाही, पण त्यातला एकही शब्द चुकीचा नव्हता. मला स्वतःची किळस आली होती. मी एक अंगठा सोडवायला गेलो आणि तिच्या दारात जीप घेऊन आलो.

निवेदनाचे गठ्ठे तेव्हा शाळेच्या ऑफिसातल्या कपाटात होते. मुंबईला जाण्याआधी पानांवर आकडे घालायचं काम माझंच होतं. त्या शनिवारी बाई सारवायला आली नाही. मी कपाट उघडलं, तिचं पान शोधलं, शर्टाच्या आत घातलं, कार्यानुभवाच्या तासाची कात्री खिशात घेतली आणि वस्तीत गेलो. कपाटाला हात लावण्याआधी बाहेर कुणी नाही ना हे मी तीनदा पाहून आलो होतो, हे सांगायला हवं, नाहीतर वाचणाऱ्याला मी शूर वाटेन.

पान तिच्यापुढे धरून मी ते फाडायला लागलो तर तिनं माझा हात धरला. पानावर आणखी अंगठे होते. त्यांनी कुठं परत मागितलेत, म्हणाली, त्यांचे ऱ्हाऊ द्या. मग मी तिच्या नावाभोवतीचा चौकोन कात्रीनं कापला. तिनं तो कपटा हातात घेऊन उन्हाकडे धरून पाहिला, आपलाच आहे ना याची खात्री केली आणि हळदीच्या रिकाम्या डबीत ठेवला. सोमवारी पहिल्या एसटीनं ती सिस्टरांबरोबर परभणीला गेली. सिस्टरांनी आदल्या दिवशी नवऱ्याला बाजूला घेऊन काय सांगितलं ते कळलं नाही, पण तो त्या दिवशी बायकोची पिशवी घेऊन स्टँडवर आला होता.

साहेबांनी गठ्ठे पाहिले तेव्हा भोक नेमकं त्यांच्याच हाताखाली आलं. हे काय, म्हणाले. उंदीर, मी म्हणालो. साहेबांनी तो चारही कोपरे काटकोनात असलेला उंदराचा पराक्रम निरखून पाहिला आणि कपाटात गोळ्या टाकायला सांगितलं. गठ्ठे वाजतगाजत मुंबईला गेले. पुढे तपासणीच्या विरोधात कायदा झाला, मुंबईत झाला आणि मग दिल्लीतही झाला. तो आपल्याच गठ्ठ्यांमुळे झाला असं साहेब शेवटपर्यंत सांगत. गर्भपातावरच्या बंदीचं पुन्हा कुणी नावही काढलं नाही, कारण तोवर साहेबांना सिंचनाचा विषय मिळाला होता.

पण ते नंतरचं. ती परत आल्यावर आठवड्यानं मी ग्लुकोजच्या बिस्किटांचे दोन पुडे घेऊन तिला भेटायला गेलो. खरं सांगायचं तर मी आभार घ्यायला गेलो होतो. कपाटातून पान काढलं होतं, नोकरी पणाला लावली होती, उंदरावर आळ घेतला होता. कुणीतरी बरं म्हणावं असं वाटत होतं.

ती बाजेवर बसली होती. चेहरा पांढराफटक होता, पण आवाज तोच. मी म्हणालो, झालं ते बरं झालं, आता मनाला लावून घेऊ नका, तसं ते अजून काहीच नव्हतं.

“लेकरू व्हतं त्ये, सर,” ती म्हणाली. “तुमच्या कागदात लिवलेलं खोटं नव्हतं. म्या चार लेकरांसाठी एक घालवलं. त्याचं वाईट वाटायलंय, आन् वाटत ऱ्हाईल. कागूद नुसता कागूद हाय म्हनून तुमीच त्याला खोटं केलं.”

मी बिस्किटांचे पुडे बाजेच्या कडेला ठेवले. तिनं डबी मागवली, कपटा काढला आणि मला जवळ बसायला सांगितलं. दुसरा कागद घ्या, वर पोरींचं लिहा, म्हणाली. पोरी मारू नयेत यावर तिचा अंगठा अजूनही होता. तो तिला परत लावायचा होता, पण आधी त्यात एक ओळ वाढवून हवी होती.

“जिचा जीव जायलाय तिला तिचं ठरवू द्या, असं खाली लिव्हा,” ती म्हणाली. “मंग लावते.”

मी लिहिलं. एकच वाक्य होतं. तीन ‘कोणत्याही’ घालणाऱ्या माझ्या ओघवत्या भाषेला ते सुचलं नव्हतं, साहेबांना सुचलं नव्हतं आणि ज्यांना आम्ही ते गठ्ठे पाठवले त्यांच्याकडूनही कुणी विचारलं नव्हतं. तिनं ते दोनदा वाचून घेतलं. पिशवीत अजून पडून असलेला पॅड मी उघडून दिला. तिनं अंगठा नीट दाबून लावला आणि कागद माझ्याकडे सरकवला.

“आता तुमी करा सही,” ती म्हणाली. “एवढे अंगठे घेतले, तुमची सही मला कुटंच दिसली न्हाई.”

ते खरं होतं. एकाही पानावर माझी सही नव्हती. मी पेन उघडलं. मान्यतेचा प्रस्ताव अजून साहेबांच्या टेबलावर होता आणि खाली जे लिहिलं होतं ते साहेबांच्या मागणीच्या बरोबर उलट होतं. मी तिला सांगायला लागलो, की आम्हा शिक्षकांना असं सही करता येत नाही, नियम असतात, वरून विचारणा होते. नियम मला एवढे पाठ आहेत हे मला त्या दिवशी कळलं.  शाई लागलेला अंगठा बाजूला धरून तिनं माझं सगळं ऐकून घेतलं. मी म्हणालो, तरी हा कागद मी जपून ठेवतो, वेळ येईल तेव्हा पाठवू.

तिनं डाव्या हातानं तो माझ्या मांडीवरून उचलला आणि त्याची घडी केली.

“माजा अंगठा हाय,” ती म्हणाली, “तुमच्याजवळ ठिवून काय करू?”